तारीख कोण देतं?

पाळी चुकून दोन-तीन दिवस झालेले असतात. घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटतात, दवाखान्यात जाऊन खात्री होते आणि डॉक्टर फाइलवर लिहितात, 'चार आठवडे'. नवरा-बायको घरी येऊन मनातल्या मनात हिशेब करतात आणि गोंधळतात. चार आठवड्यांपूर्वी तर पाळी सुरू होती! गर्भ असलाच तर तो फार तर दोन आठवड्यांचा. मग वरचे दोन आठवडे आले कुठून?

गरोदरपणाचं वय जगभर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि त्या दिवशी पोटात गर्भ नसतोच. या विचित्र पद्धतीमागे एक साधी अडचण आहे. गर्भधारणेचा क्षण कुणालाच दिसत नाही. स्त्रीबीज अंडाशयातून कधी सुटलं हे बाईला कळत नाही. शुक्रजंतू तिच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे संबंध आला तो दिवस आणि बीज फळलं तो दिवस एकच असेल असंही नाही. फळलेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं तेव्हाही काही जाणवत नाही. या सगळ्या लपलेल्या घडामोडींच्या आधीची एकच खूण डोळ्यांना दिसते, ती म्हणजे पाळी. म्हणून मोजणीची दोरी त्या खुणेला बांधली.

हा हिशेब प्रत्येक घरात माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. नवरा बोटीवर नाहीतर सीमेवर नोकरीला असतो. तो १५ तारखेला सुट्टीवर येतो आणि कागदावर गरोदरपणाची सुरुवात १ तारखेची लिहिलेली असते. ज्याला पद्धत ठाऊक नाही त्याच्या मनात नको ती शंका येऊ शकते. त्या कागदात काहीही गैर नसतं. डॉक्टरांचे साधारण दोन आठवडे नेहमीच जास्त असतात.

आणि खरं म्हणजे ते दोन आठवडे रिकामेही नसतात. त्याच दिवसांत अंडाशयात अनेक बीजांपैकी एक पुढे सरकतं, पिकतं आणि सुटायला तयार होतं. बाकीची मागे पडतात. ज्या बीजातून उद्याचं माणूस होणार त्याची निवड त्या पंधरवड्यात चाललेली असते. त्याच्याही मागे जायचं तर थेट आजीपाशी पोचावं लागतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची सगळी बीजं तयार होतात. पाचव्या महिन्याच्या आसपास ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे-पाचशे सुटतात. म्हणजे तुम्ही ज्या बीजातून झालात ते तुमच्या आईच्या आईने पोटात वाढवलं होतं. तुमची आई तेव्हा जन्मलीही नव्हती. सुरुवात नेमकी कधी झाली, या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नाही. पाळीची तारीख हे त्यातलं कामापुरतं उत्तर.

या उत्तरावरून बाळंतपणाची तारीख काढायचं सूत्र जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्ट्स कार्ल नेगेले (१७७८-१८५१) यांच्या नावाने ओळखलं जातं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे जायचं आणि वर्ष पुढचं धरायचं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. समजा, एखाद्या बाईची पाळी नेमकी त्याच दिवशी आली. घरात गणपती बसताना आपल्याला बाजूला बसावं लागलं, हे ती सहसा विसरत नाही. खेड्यापाड्यांत आशाताई आणि नर्सबाई तारीख आठवत नसेल तर अशाच सणांचा आधार घेऊन विचारतात : नागपंचमीच्या आधी की नंतर, पोळा झाला होता का. तर २७ ऑगस्टमध्ये सात मिळवले की ३ सप्टेंबर, तीन महिने मागे आलं की ३ जून. तारीख निघाली ३ जून २०२६. दिवस मोजून पाहा, बरोबर २८० भरतात, म्हणजे चाळीस आठवडे.

नेगेलेंनी हे हवेतून काढलं नव्हतं. त्यांच्या शंभर वर्षं आधी नेदरलँड्सच्या लायडनमध्ये शिकवणाऱ्या हेर्मान बूर्हावे यांच्या लिखाणाचा त्यांनी आधार घेतला होता. पण मोजायचं ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून की शेवटच्या, हे त्या जुन्या लिखाणात नीट स्पष्ट नव्हतं. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी पहिला दिवस पक्का केला आणि तोच रूढ झाला. त्याही आधी, रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वी यांनी १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वेगळाच दाखला दिला होता. देवदूताने मेरीला सांगावा दिला तो दिवस २५ मार्च आणि ख्रिस्तजन्म २५ डिसेंबर. मधले २७५ दिवस हाच त्यांच्या दृष्टीने गर्भवासाचा आदर्श काळ. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण मोजायला हाताशी तारखा नसल्या की त्यालाही चर्चच्या दिनदर्शिकेकडे वळावं लागलं.

नेगेलेंच्या सूत्राचे सांधेही जागोजाग करकरतात. महिने सारखे नसतात, त्यामुळे १ मे ही तारीख घेतली तर उत्तर ८ फेब्रुवारी येतं आणि दिवस २८३ होतात. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवशी बीज सुटतं, हे सूत्रात गृहीत आहे. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणजे तिची खरी तारीखही आठवडाभर पुढे जाते. स्तनपान चालू असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर सूत्राला धरायला काहीच उरत नाही.

आता आपल्या घरातला हिशेब पाहू. आजी म्हणते, नऊ महिने नऊ दिवस. तिच्या हिशेबाने २७ ऑगस्टनंतर नऊ महिने म्हणजे २७ मे, आणि नऊ दिवस म्हणजे ५ जून. हायडेलबर्गची तारीख ३ जून. फरक दोन दिवसांचा! मी हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा थक्क झाले. पंचांगाच्या महिन्यांनी मोजलं तर आणखी एक मौज दिसते. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ मास म्हणजे २६६ दिवस, आणि बीज फळल्यापासून बाळंतपणापर्यंत शास्त्राने धरलेला काळही २६६ दिवसच. म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास गर्भ राहिला तर दिवस भरतात तेही पौर्णिमेच्या सुमारास. हा आकड्यांचा योग आहे. चंद्र कुणाच्या कळा सुरू करत नाही. आणि २०२३ सारखा अधिक श्रावण मध्ये आला, तर नुसत्या महिन्यांच्या नावांवरून मोजणारी महिनाभर चुकणार. पण हजारो बाळंतपणं डोळ्यांखालून गेलेल्या सुइणींचं निरीक्षण किती नेमकं होतं, ते यातून कळतं.

जुन्या ग्रंथांनी तर तारखेचा हट्टच धरला नाही. सुश्रुतसंहितेत बाळंतपणाचा काळ नवव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत कुठलाही सांगितला आहे. गर्भोपनिषदात एका रात्रीचा गर्भ, सात रात्रींचा बुडबुडा, पंधरा दिवसांचा गोळा, महिन्याचा घट्ट पिंड अशी पायऱ्यांची मांडणी आहे. त्यात आजचं शास्त्र शोधायची गरज नाही. न दिसणाऱ्या जागी काय चाललं असेल, याचा माणसं किती काळापासून नेटाने विचार करत आली आहेत, ते मला त्यात दिसतं.

प्रत्यक्षात काय चालतं? बीज सुटल्यावर ते जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. त्या अवधीत शुक्रजंतू भेटला तर दुसऱ्या दिवशी एकाच्या दोन पेशी होतात, मग चार, मग आठ. हे सगळं गर्भनलिकेतून सरकत असताना चालू असतं. पाचव्या दिवशी आतून पोकळ असा चेंडू तयार होतो. त्याच्या बाहेरच्या थरातून पुढे वार होणार असते आणि आतल्या मूठभर पेशींतून बाळ. वार ही आईची नसते, ती गर्भाने स्वतःसाठी केलेली असते, हे अनेकांना माहीत नसतं. साधारण आठवडाभराने हा चेंडू गर्भाशयाच्या अस्तरात घुसतो आणि एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडतो. त्या संप्रेरकाचा निरोप एवढाच : या महिन्यात पाळी येऊ देऊ नको. घरच्या चाचणीतली दुसरी रेघ त्याच संप्रेरकाने उमटते. डोळ्यांना धड न दिसणारा तो जीव आईच्या शरीराचं महिन्याचं वेळापत्रक बदलून टाकतो.

फलनानंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदय आकुंचन पावायला लागतं. डॉक्टरांच्या मोजणीने हा सहावा आठवडा, आणि पाळी चुकून अजून जेमतेम आठवडा झालेला. याच सुमारास गर्भाच्या पाठीवरची एक पन्हळ दोन्ही कडांनी मिटत जाऊन नळी बनते. या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना मिटलेली असावी लागते. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू घडत नाही, खालचं राहिलं तर पाठीचा कणा उघडा राहतो. आपल्याला दिवस गेलेत हे बाईला नीट कळायच्या आत हे काम उरकलेलं असतं! म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवलं त्या दिवसापासून सुरू करायची असते. पहिल्या तपासणीला गेल्यावर मिळालेली गोळी बाकी कामासाठी उपयोगी पडते, पण त्या नळीसाठी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

या गोळीची गोष्ट मुंबईत सुरू होते. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा, त्यात बायका दगावत. विल्स यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यावर काम केलं. या बायका काय खातात, कशा राहतात याची त्यांनी पाहणी केली आणि प्राण्यांवर प्रयोग केले. शेवटी इंग्लंडच्या न्याहारीत ब्रेडवर लावतात तो यीस्टचा काळा, खारट अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स घटक' असं नाव पडलं. तो घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनमधून चालवलेल्या एका मोठ्या चाचणीने सिद्ध केलं की गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेलं फॉलिक अ‍ॅसिड उघड्या कण्याचा दोष मोठ्या प्रमाणात टाळतं. आज जगभरच्या गरोदर बायका घेतात त्या गोळीमागे परळ-लालबागच्या गिरणीतल्या बायका आहेत. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दहावा आठवडा संपेपर्यंत सगळ्या अवयवांची निदान सुरुवात झालेली असते, बोटं सुटी झालेली असतात. बोटांवरचे ठसे त्यानंतरच्या आठवड्यांत उठतात आणि जन्मभर बदलत नाहीत. याच काळात सोनोग्राफी आपल्याला सगळ्यांत विश्वासाची तारीख देते. हे यंत्र दवाखान्यात आलं ते कारखान्यातून. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डॉनल्ड दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, लहरींचे प्रतिध्वनी ओळखून वस्तू शोधायच्या तंत्राशी त्यांची ओळख होती. १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन जवळच्या रेन्फ्रूमधल्या बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. त्या यंत्राखाली गाठी ठेवल्या तर पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ वेगवेगळी दिसली. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकार यांच्याबरोबर त्यांनी पुढे काम केलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला. असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती अशा एका बाईच्या पोटात त्यांच्या यंत्राने प्रत्यक्षात पाण्याची मोठी गाठ दाखवली होती. ती काढली आणि बाई बरी झाली. १९७३ मध्ये त्याच ग्लासगोतल्या ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढायची रीत दिली.

ही रीत चालते कारण पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जवळपास एकाच चालीने वाढतात. सात आठवड्यांचा गर्भ एक सेंटिमीटरच्या आसपास, बारा आठवड्यांचा पाच-साडेपाच सेंटिमीटर. आई उंच असो, ठेंगणी असो, गडचिरोलीची असो वा न्यू जर्सीतली, या टप्प्यावर फरक अगदी थोडा पडतो. त्यामुळे अंदाज पाच-सात दिवसांच्या आत बसतो. पुढे मात्र आईबापांची चण, आईचं पोषण, तिचा रक्तदाब, साखर या सगळ्यांचा ठसा वाढीवर उमटतो. नवव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी केली तर तारीख तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते, आणि मग बाळ लहान दिसतंय ते दिवस कमी म्हणून की वाढ खुंटली म्हणून, हे सांगता येत नाही. पहिल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीने बदलायची नसते, ती याचसाठी. पुढच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली की घरात घबराट होते, पण त्यात फक्त त्या दिवशीचं बाळाचं माप बोलत असतं. उशिरा येणाऱ्या बायकांसाठी आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या गरोदर बायकांच्या मापांवरून 'गर्भिणी-जीए२' हे भारतीय सूत्र तयार केलं. ते २०२४ मध्ये जाहीर झालं. तोवर आपण परदेशी बायकांच्या मापांवर बसवलेली सूत्रं वापरत होतो. याच यंत्राचा मुलींच्या गर्भांविरुद्ध केलेला वापरही विसरता येत नाही. तो रोखणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला.

मधले तीन महिने बहुतेकींना बरे जातात. मळमळ ओसरते, पोट दिसायला लागतं. वीस आठवड्यांना गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी येतो, आणि तिथून पुढे काही आठवडे जघनाच्या हाडापासून माथ्यापर्यंतचे सेंटिमीटर आणि आठवडे जवळजवळ सारखेच भरतात. नर्सबाई पोटावर टेप लावते ती यासाठी. पाचव्या महिन्यात बाळ फिरल्याचं जाणवतं, दुसऱ्या खेपेला थोडं आधीच. आईच्या अंगात या काळात होणारे बदलही तितकेच अचंब्याचे. तिचं रक्त जवळपास दीडपट होतं. सत्तरेक ग्रॅमचं गर्भाशय शेवटी किलोभराचं होतं, आणि दिवस भरत येतात तेव्हा त्याच्याकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहतं.

सहाव्या महिन्यात बाळाला ऐकू यायला लागतं. अभिमन्यूची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. १९८६ मध्ये अमेरिकेत अँथनी डिकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. एका गटाला 'द कॅट इन द हॅट' हे डॉ. सूस यांचं यमकांचं पुस्तक दिलं होतं. जन्मानंतर बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याच्या लयीप्रमाणे ओळखीची किंवा नवी गोष्ट ऐकू येईल अशी सोय होती. बाळांनी ओळखीची गोष्ट लागेल असं चोखलं. बाळाला अर्थ कळला असं यात कुठेही नाही. त्याला लय आणि चाल ओळखू आली. पोटातल्या बाळाला श्लोक ऐकवून हुशार करून देण्याचे वर्ग आज जोरात चालतात, त्यांच्या दाव्यांना यातून आधार मिळत नाही. पण आईने स्वतःच्या आवाजात काहीही गुणगुणावं, ते पोचतं.

आता आठवा महिना. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं. प्राचीन ग्रीसच्या वैद्यांनीही हेच लिहून ठेवलं होतं आणि सुश्रुतांनीही. ते पूर्ण चुकीचं आहे. आठव्या महिन्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्या बाळापेक्षा जास्त असते. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूने असतो, आणि त्यातही फुप्फुसांच्या. हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा लेप लागतो. तो तयार व्हायला सुरुवात होते चोवीस आठवड्यांच्या सुमारास, आणि पुरेसा होतो चौतीस-पस्तीस आठवड्यांना. कमी दिवसांची बाळं श्वासासाठी झगडतात ती बहुतेक या लेपाअभावी. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी यांनी हे दाखवून दिलं.

यावरचा उपाय एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे जाताना सापडला. प्रश्न होता : बाळंतपणाची तारीख कोण ठरवतं, आई की बाळ? न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे मॉन्ट लिगिन्स यांनी तो मेंढ्यांना विचारला. पोटातल्या कोकराला त्यांनी कॉर्टिसोलसारखी औषधं दिली तर मेंढी दिवस भरायच्या आत व्याली. म्हणजे मेंढ्यांत तरी कळा सुरू करायचा निरोप कोकराकडून जातो. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. जे कोकरू इतक्या लवकर जन्मून श्वासच घेऊ शकायला नको होतं, ते श्वास घेत होतं. औषधाने त्याची फुप्फुसं वेळेआधी पिकली होती. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मग दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बायकांना असंच इंजेक्शन दिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले : बाळांचा श्वासाचा त्रास घटला, मृत्यू घटले. तरीही जगभरच्या डॉक्टरांनी ते सर्रास वापरायला आणखी वीस वर्षं घेतली. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यातही अशा वेळी डेक्सामेथासोन देतात. आणि ते द्यायचं की नाही हे ठरतं बाळ किती आठवड्यांचं आहे यावर. पहिल्या भेटीत नोंदलेली पाळीची तारीख अशी एका रात्रीत जिवावरची गोष्ट होऊन बसते.

माणसात निरोप कोण देतं, याचं उत्तर मेंढीइतकं सरळ नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की वार एक संप्रेरक सोडते आणि सोळा ते वीस आठवड्यांतल्या त्याच्या पातळीवरूनच ती बाई लवकर, वेळेवर की उशिरा बाळंत होणार याचा अंदाज येतो. त्यांनी याला वारेतलं घड्याळ म्हटलं. बाळाची फुप्फुसं, वार आणि आईचं शरीर यांच्यात चाललेल्या संवादातून तो दिवस ठरतो, असं आजवरचं काम सांगतं.

मग फाइलवरच्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका किती? शंभरात चार-पाच. कुणी म्हणेल, पाळीवरून काढलेली तारीख कच्चीच असणार. म्हणून अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या बायकांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून बीज सुटल्याचा दिवस पक्का केलेल्या १२५ गरोदरपणांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापला गेला. बीज सुटल्यापासून बाळंतपणापर्यंतचा मध्यक काळ निघाला २६८ दिवस. पण कमी दिवसांची बाळं वगळूनही सगळ्यांत छोट्या आणि सगळ्यांत लांब गरोदरपणात ३७ दिवसांचं अंतर होतं! ज्यांचं फलन प्रयोगशाळेत होतं तिथेही हेच. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांनी, प्रयोगशाळेत फलन होऊन, हर्षा या मुलीचा जन्म झाला, तेव्हापासून आपल्याकडे गर्भाची सुरुवात तासाच्या हिशेबाने सांगता येते. शेवट मात्र अजूनही तसा सांगता येत नाही.

म्हणून सदतीस ते बेचाळीस आठवडे हा सगळाच काळ दिवस भरल्याचा मानतात. त्यातही एकोणचाळीस ते एक्केचाळीस हे सर्वांत चांगले. पस्तीस आठवड्यांच्या बाळाचा मेंदू वजनाने पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन-तृतीयांशच असतो, उरलेली वाढ त्या शेवटच्या आठवड्यांतच व्हायची असते. वैद्यकीय कारण असेल तर लवकर सिझेरियन करणं योग्यच, तिथे डॉक्टरांचं ऐकावं. पण चांगलं नक्षत्र मिळावं म्हणून बाळाला दोन आठवडे आधी बाहेर काढणं मला अन्याय वाटतं. पत्रिका चांगली व्हावी म्हणून आपण त्याच्या श्वासातले आणि मेंदूतले दिवस कापून घेतो.

तेव्हा मूल हवं असं ठरवलंत की भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती गोल करा, दर महिन्याला, आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. दिवस गेल्याचं कळलं की चौदा आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करून तारीख पक्की करून घ्या आणि ती माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिली गेली आहे ना ते स्वतः पाहा. कार्ड माहेरी जाताना बरोबर न्या. तारीख उलटली म्हणून रोज फोन करून त्या मुलीला 'झालं का?' असं विचारू नका. पण बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं तर त्याच घडीला दवाखाना गाठा, आणि एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाले की कळांची वाट न पाहता जा.